संघटनेचा राजकीय निधी: अंगणवाडी, आशा आणि खाजगी परिचारिका संघटनांच्या नव्या खजिनदारांसाठी

संपाची वर्गणी काढायला आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. मंडप, माइक, आझाद मैदानात जायच्या गाड्यांचं डिझेल, दोन वेळचा वडापाव हे खर्च सगळ्यांना दिसतात, आणि पैसे जमतात. गाडं अडतं ते निवडणूक जवळ आली की. कुणीतरी बैठकीत म्हणतं, “त्या अमुक ताईंनी सभागृहात आपला प्रश्न लावून धरला होता, त्यांना मदत करू या.” दुसरी म्हणते, “पण संघटनेचे पैसे राजकारणाला कसे द्यायचे?” मग दोन गट पडतात आणि शेवटी निर्णय होतो तो बहुधा चुकीच्या कप्प्यातले पैसे काढण्याचा.

दोघींचंही म्हणणं बरोबर आहे. राजकारणाला पैसे देता येतात, पण संघटनेच्या सर्वसाधारण निधीतून देता येत नाहीत. त्यासाठी वेगळा निधी लागतो. तो कसा उभारायचा, कुणाकडून घ्यायचा आणि कुठे खर्चायचा ते खाली लिहिते आहे. खजिनदारपद हाती आलं तेव्हा हे सगळं एका ठिकाणी लिहिलेलं मला कुठे मिळालं नव्हतं. वकिलांकडून, जुन्या कार्यकर्त्यांकडून आणि कायद्याच्या पुस्तकातून ते तुकड्यातुकड्याने गोळा करावं लागलं.

“आपण सेवेचं काम करतो, आपल्याला राजकारण कशाला” असं म्हणणाऱ्यांसाठी दोन प्रसंग. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी केंद्राने सेविकांचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, ऑक्टोबर २०१८ पासून. तेव्हा लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. आपलं मानधन बाजार ठरवत नाही, मंत्रालय आणि दिल्ली ठरवते. शिक्षकांना निदान विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ आहे, महाराष्ट्रात सात जागा. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शिकवणाऱ्यांना तशी एकही नाही. आपला माणूस सभागृहात असावा असं वाटत असेल, तर त्याचा रस्ता इतरांसारखाच निवडणुकीतून जातो.

१. आधी बघा: तुमच्या संघटनेला हा निधी काढता येतो का

संघटना कामगार संघटना म्हणून नोंदलेली असेल तर येतो. श्रमिक संघ अधिनियम १९२६ च्या कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा त्याची यादी होती आणि कलम १६ मध्ये राजकीय कामांसाठी वेगळा निधी उभारायची परवानगी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. वेगळ्या निधीची तरतूद संहितेतही आहे, कलम १५ मध्येच. मात्र त्या निधीतून नेमकं काय काय करता येईल ते संहितेने नियमांवर सोपवलं आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी कामगार आयुक्त कार्यालयात, संघटनांची नोंदणी जिथे होते तिथे, आज लागू असलेले नियम मागून घ्या. जुनी छापील पुस्तिका पुढे करणाऱ्या बाबूवर विसंबू नका.

थोडं विषयांतर करते. १९२६ च्या त्या कायद्याचा आग्रह ज्यांनी केंद्रीय कायदेमंडळात १९२१ साली धरला ते नारायण मल्हार जोशी आपल्याच व्यवसायाचे. मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून त्यांनी चाळींतून वाचनालयं आणि रात्रशाळा चालवल्या आणि तिथूनच ते कामगार चळवळीत गेले. समाजसेवा करणाऱ्याने राजकारणाला हात लावू नये हा सोवळेपणा त्यांना परवडणारा नव्हता.

संघटना सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर इथेच थांबा. धर्मादाय संस्थेने उमेदवारासाठी पैसे गोळा करणं म्हणजे नोंदणी आणि आयकराची सवलत दोन्ही धोक्यात घालणं. अनेक जिल्ह्यांत एकाच नावाच्या दोन नोंदण्या सापडतात, एक कामगार संघटनेची आणि एक “मंडळा”ची. प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

२. घटना उघडा आणि ठराव करा

संघटनेच्या घटनेत राजकीय निधीचा उल्लेख नसेल तर आधी घटनादुरुस्ती करा. दुरुस्तीची पद्धत घटनेतच दिलेली असते: किती दिवसांची नोटीस, किती सभासदांची गणपूर्ती. ती तंतोतंत पाळा. दुरुस्ती झाली की निबंधकांना, म्हणजे कामगार संघटनांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना, कळवा आणि पोच घ्या.

सर्वसाधारण सभेतल्या ठरावाचा मसुदा साधारण असा ठेवा:

“सभासदांच्या नागरी व राजकीय हितसंवर्धनासाठी संघटनेचा स्वतंत्र राजकीय निधी स्थापन करण्यात येत आहे. या निधीसाठी वर्गणी स्वतंत्रपणे व स्वेच्छेने घेतली जाईल. वर्गणी न देणाऱ्या सभासदास संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वंचित ठेवले जाणार नाही. निधीचे व्यवस्थापन वर्गणीदार सभासदांतून निवडलेल्या पाच जणींच्या समितीकडे राहील.”

शेवटच्या वाक्याला कायद्याचा आधार आहे. वर्गणी न देणारीला बाकी कशातही कमी लेखता येत नाही, पण या निधीच्या कारभारात तिला मत नसलं तर चालतं. समितीत वेगवेगळ्या तालुक्यांच्या आणि, खरं सांगायचं तर, वेगवेगळ्या पक्षांकडे कल असलेल्या बायका घ्या. एकाच नेत्याच्या गोटातल्या पाच जणी बसल्या की निधी पहिल्याच निवडणुकीत संपतो.

३. वेगळं खातं, वेगळं पावतीपुस्तक

संघटनेच्या जुन्या खात्यात “राजकीय निधी” अशी वहीत वेगळी नोंद ठेवून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पैसा एकदा एका खात्यात मिसळला की कुठला रुपया कशाचा हे लेखापरीक्षकापुढे सिद्ध करत बसावं लागतं. बँकेत संघटनेच्याच नावाने दुसरं खातं उघडा, नावापुढे “राजकीय निधी” लिहून. बँकेला हे कागद लागतील:

- संघटनेचं नोंदणी प्रमाणपत्र
- दुरुस्त घटनेची प्रत
- खातं उघडण्याचा आणि सह्यांच्या अधिकाराचा ठराव, सभेच्या इतिवृत्तासह
- संघटनेचं पॅन
- सही करणाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो
- पदाधिकाऱ्यांची अद्ययावत यादी

सह्या तिघींपैकी दोघींच्या ठेवा आणि त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात. क्यूआर कोड याच खात्याचा काढा. खजिनदारबाईंच्या स्वतःच्या फोनपेवर पैसे मागवणं सोयीचं असतं, आणि नंतर भांडण उपटतं ते नेमकं तिथूनच. “तुझ्या नंबरवर टाकले होते” या वाक्याला उत्तर नसतं.

पावतीपुस्तक वेगळ्या रंगाचं छापा. संघटनेचं पिवळं असेल तर हे गुलाबी. प्रत्येक पानावर छापील अनुक्रमांक, स्थळप्रत, आणि ठळक अक्षरांत “राजकीय निधी, ऐच्छिक वर्गणी”. त्याखाली नाव, गाव, अंगणवाडी किंवा उपकेंद्र, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की ऑनलाइन, तारीख, घेणारीची सही. ५,००० रुपयांच्या वरची पावती असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट लावा. पुस्तकं कुणाला कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत दिली त्याची नोंदवही खजिनदाराकडे असावी. मोहीम संपल्यावर कोरी पानंही परत यायला हवीत. गाळलेलं एक पान शंभर प्रश्न उभे करतं.

४. मागायचं कसं

खरी मेहनत इथे आहे.

पहिला नियम जागेचा. अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयातल्या मासिक बैठकीत मागू नका. तिथे पर्यवेक्षिका मॅडम बसलेल्या असतात, हजेरी चालू असते, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधली माहिती भरायची राहिलेली असते, आणि अशा ठिकाणी दिलेली वर्गणी ऐच्छिक आहे असं कुणी मानणार नाही. शिवाय सरकारी जागेत राजकीय निधी गोळा केल्याची एक तक्रार सगळी मोहीम बंद पाडायला पुरते. अंगणवाडीच्या खोलीतही नको. बैठक संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर, कुणाच्या ओट्यावर, नाहीतर रविवारी संघटनेच्या कार्यालयात.

दुसरा नियम वेळेचा. मानधन खात्यावर जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांत. थकलेल्या मानधनाच्या महिन्यात हात पसरू नये. भाऊबीज भेट जमा झाल्यावर मागायचा मोह होतो, पण तो पैसा दिवाळीचा असतो. मी तरी त्याला हात लावत नाही.

रक्कम किती? लहान ठेवा आणि बायका जास्त गाठा. समजा तालुक्यात ३०० सभासद आहेत. प्रत्येकीकडे ५०० मागितले तर वीस जणी देतील आणि दहा हजार जमतील. ५० मागितले तर दोनशे देतील, रक्कम तेवढीच, दहा हजार. पण दुसऱ्या पद्धतीत दोनशे घरं तुमच्याबरोबर असतात. उमेदवार दहा हजारांच्या चेकला फारशी किंमत देत नाही. तिच्या नजरेत भरते ती दोनशे सह्यांची वर्गणीदारांची यादी, कारण त्यातली प्रत्येक बाई तिच्या वाडीतल्या शंभर घरांत रोज जाते.

मागताना चार गोष्टी सांगायच्याच: हा निधी राजकीय कामासाठी आहे, तो संघटनेच्या नेहमीच्या वर्गणीपेक्षा वेगळा आहे, नाही म्हणायची पूर्ण मोकळीक आहे, नाही म्हटलं तरी केस, संप, ग्रॅच्युइटीचा अर्ज या सगळ्यांत संघटना तिच्या पाठीशी तशीच उभी राहील. छोट्या पत्रकावर हे छापून पावतीबरोबर द्या.

नकार येणारच. “ताई, आमचं घर दुसऱ्या पक्षाचं आहे. मी पैसे दिलेले सासऱ्यांना कळलं तर घरात महाभारत होईल.” यावर उत्तर एकच, “नको देऊस.” समजूत घालायची नाही, डोळे मोठे करायचे नाहीत आणि नकार देणाऱ्यांची यादी तर मुळीच करायची नाही. वर्गणीदारांची नोंद ठेवणं आवश्यक आहे, न देणाऱ्यांची नोंद म्हणजे दबावाचा पुरावा. नव्या सभासदाचा अर्ज भरून घेताना “हेही पन्नास लागतात” असं सहज म्हणून टाकणाऱ्या कार्यकर्त्या प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना आधीच बजावा. सभासदत्वाची अट म्हणून हा पैसा घेणं कायद्याला मुळातच मंजूर नाही.

आयकराचं आमिषही दाखवू नका. राजकीय पक्षाला थेट देणगी दिली तर करात वजावट मिळते, संघटनेच्या राजकीय निधीला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. आपल्यातल्या बहुतेकींना कर लागत नाही हे खरं, पण खाजगी रुग्णालयातल्या परिचारिका हा प्रश्न हमखास विचारतात.

५. कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत

सरकारी परिचारिका, आरोग्यसेविका, मुख्यसेविका: यांच्याकडे मागूच नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. त्यातल्या नियम ५ प्रमाणे राजकीय चळवळीत भाग घेणं, तिला वर्गणी देणं, कोणत्याही प्रकारे साहाय्य करणं मना आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. मैत्रीखातर दिलेल्या शंभर रुपयांपायी तिच्या हाती नोटीस पडेल.

सेविका आणि मदतनीस यांचं स्थान वेगळं आहे. त्या नागरी पद धारण करत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात म्हटलं होतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. सरकारी नोकर म्हणून लाभ नाहीत आणि सरकारी नोकराची बंधनंही जशीच्या तशी नाहीत, अशी ही त्रिशंकू अवस्था. तरीही नियुक्तीपत्रातल्या अटी आणि त्या वेळी लागू असलेले शासन निर्णय वाचल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. सेविकेने स्वतः निवडणूक लढवायची असेल तर तो निराळा विषय आहे. तो इथे घेत नाही, त्यासाठी वकील गाठा.

आता एक सापळा, जो फक्त आपल्याच वाट्याला येतो. आपल्यातल्या कितीतरी जणी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारयादीचं काम बघणाऱ्या, आहेत. मतदारयादीचं काम करताना त्या निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर आहेत असं धरलं जातं. मतदान केंद्रावर ड्यूटी लागलेल्यांनाही मत देण्यापलीकडे कुठल्याच उमेदवारासाठी काही करता येत नाही. म्हणून बीएलओ आणि ड्यूटी लागलेल्या सभासदांच्या हातात पावतीपुस्तक देऊ नका, समितीवर घेऊ नका, प्रचाराच्या व्हॉट्सॲप गटातूनही बाहेर ठेवा. सकाळी मतदारयादीसाठी दार वाजवणारी बाई संध्याकाळी उमेदवाराचं पत्रक घेऊन त्याच दारात उभी राहिली, तर तिला कुणी वाचवू शकत नाही.

परदेशातला पैसा: दुबईत नोकरी करणारा आणि भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर परदेशी अंशदान कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाचीचे पैसे मात्र परदेशीच, ती दर गणपतीला गावी येत असली तरी. राजकीय स्वरूपाच्या संघटनेला परदेशी अंशदान घ्यायला बंदी आहे. माझा सल्ला सरळ आहे: बाहेरच्या देशातून येणारा पैसा कुणाचाही असो, या खात्यात नको.

बाकी ठेकेदार. पोषण आहाराचा पुरवठा करणारे, बालवाडीचं साहित्य विकणारे, रुग्णालयाला मनुष्यबळ पुरवणारे. कायदा काय म्हणतो ते राहू द्या. ज्याच्या खिचडीच्या दर्जाविरुद्ध उद्या निवेदन द्यायचं आहे, त्याच्या पैशातून आज पत्रकं छापायची नसतात.

६. खर्च कशावर करायचा

१९२६ च्या कायद्यातली यादी बरीच मोकळी होती: विधिमंडळ किंवा स्थानिक संस्थेच्या उमेदवाराचा निवडणूक खर्च, त्याच्या पाठिंब्याच्या सभा आणि पत्रकं, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा निर्वाह, मतदार नोंदणी, उमेदवाराची निवड आणि कोणत्याही राजकीय सभा व साहित्य. आजचे नियम काय म्हणतात ते पहिल्या पायरीत मागून घेतलेल्या कागदावर पडताळा.

*उमेदवाराला मदत.* इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. “आम्ही आमच्या पैशाने त्यांच्यासाठी सभा घेतो, त्यांचा संबंध नाही” हे चालत नाही. उमेदवाराच्या लेखी अधिकारपत्राशिवाय तिच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा इतर कशावरही खर्च करणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. म्हणून आधी तिच्या सहीचं पत्र घ्या: कोणत्या कामासाठी, किती रकमेपर्यंत. खर्च झाला की बिलांच्या प्रती तिच्या निवडणूक प्रतिनिधीकडे पोचवा, कारण तो खर्च तिच्या हिशेबात धरला जाणार. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा महाराष्ट्रात ४० लाख रुपये आहे, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत तिला हिशेब द्यावा लागतो आणि त्यात चूक निघाली तर तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते. आपण दिलेला मंडप तिच्या हिशेबात नसेल, तर तो मंडप तिला महागात पडेल. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांच्या मर्यादा राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि त्या जागेगणिक बदलतात.

रोख देऊ नका. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावंच लागतं, त्याच खात्यावर चेक किंवा ऑनलाइन द्या. कार्यकर्ता म्हणेल, “वहिनींच्या खात्यावर टाका, घरातलंच आहे.” वहिनींना नमस्कार सांगा.

*पत्रकं.* निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं आणि पत्ते छापलेच पाहिजेत, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७क. छापण्याआधी प्रकाशकाने सही केलेलं आणि दोन ओळखीच्या व्यक्तींनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाला द्यायचं असतं. छपाईनंतर मुद्रक ते पत्रकाच्या प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो. तालुक्याचा प्रेसवाला हे टाळायला बघतो, “एवढं कोण बघतंय” म्हणतो. आचारसंहितेत भरारी पथक बघतं.

*पक्षाला देणगी.* रोखीने दोन हजारांवर नाही. वीस हजारांच्या वरच्या देणगीदारांची नावं पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावी लागतात, म्हणजे तुमच्या संघटनेचं नाव यादीत येईल. निनावी द्यायचा निवडणूक रोख्यांचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या संघटनेने पक्षाला एक रुपयाही देऊ नये. बांधकाम व्यावसायिकांच्या कोटींपुढे आपले वीस हजार म्हणजे समुद्रात ओंजळ. आणि पक्ष उद्या युती बदलतो.

*मग पैसा लावायचा कुठे?* मी तीन ठिकाणी लावेन. एक, मतदार नोंदणी: सासरी आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत असतात. स्थलांतराचा नमुना ८, नव्या नावासाठी नमुना ६, त्यासाठी झेरॉक्स, इंटरनेट केंद्राचे पैसे, दोन मुलींचा महिन्याभराचा प्रवास. दोन, आपलं स्वतःचं मागणीपत्र: ग्रॅच्युइटी, पेन्शन, आजारपणाची रजा, मोबाइलचा खर्च अशा चार-पाचच मागण्या. त्यावर मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराची सही घ्यायची आणि कुणी केली, कुणी टाळली ते छापायचं. छापील तक्ता कुणाच्या बाजूने झुकतो आहे असं वाटलं तर आधी वकिलाला दाखवा, कारण तिथे वर सांगितलेलं अधिकारपत्राचं कलम पुन्हा आड येऊ शकतं. तीन, एखादा उमेदवार खरोखर आपल्यातला असेल, आंदोलनात आपल्याबरोबर पोलिसांच्या गाडीत बसलेला असेल, तर त्याच्या एका सभेचा पूर्ण खर्च. दहा जणांना हजार-हजार वाटण्यापेक्षा हे बरं.

साड्या, भांडी, जेवणावळी यांवर या निधीतून काहीही नाही. ती लाच आहे, देणारी संघटना असो की उमेदवार.

*नागपूरचा मोर्चा कुठल्या पैशातून?* हा प्रश्न दर डिसेंबरला येतो. मानधनवाढीसाठी, थकबाकीसाठी हिवाळी अधिवेशनावर काढलेला मोर्चा हा सभासदांच्या सेवाशर्तींचा लढा आहे, तो सर्वसाधारण निधीतून करता येतो. त्याच मोर्चाच्या व्यासपीठावरून “अमुकला मत द्या” असं आवाहन करायचं ठरलं असेल, तर मंडपापासून माइकपर्यंत सगळा खर्च राजकीय निधीतून. दोन्ही एकत्र करू नका, लेखापरीक्षकाला ते उलगडून सांगता येत नाही.

७. हिशेब

राजकीय निधीची रोकडवही स्वतंत्र, व्हाउचर फाइल स्वतंत्र. प्रत्येक व्हाउचरला समितीच्या ठरावाचा क्रमांक जोडलेला. गाडीभाड्याचं बिल नसेल तर चालकाची सही, मोबाइल क्रमांक आणि गाडीचा क्रमांक असलेली पावती घ्या.

संघटनेला दरवर्षी निबंधकांकडे लेखापरीक्षित विवरणपत्र द्यावं लागतं. १९२६ च्या कायद्यात ते ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं होतं, आर्थिक वर्षाचं नव्हतं, आणि त्यामुळे मार्चच्या हिशोबाने चालणारे लेखापाल हमखास गोंधळतात. नव्या नियमांत कोणतं वर्ष आणि कोणती तारीख आहे ते विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. विवरणपत्रात राजकीय निधी सर्वसाधारण निधीपासून वेगळा दाखवा. विवरणपत्र थकवणं हे नोंदणी जाण्याचं नेहमीचं कारण आहे.

सभासदांना हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क आहे. मागायच्या आधीच निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत एक पान हिशेब वाचून दाखवा: जमा किती, कुणाला किती, उरले किती. ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांनाही ऐकू द्या. पुढच्या मोहिमेत त्यातल्या काही जणी आपणहून येतात.

८. निवडून आल्यावर

पैसे दिले म्हणून आमदार आपला झाला असं समजू नका. त्याच्या स्वीय सहायकाचा नंबर घ्या आणि अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की मागण्यांचं टिपण पोचवा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पी मागण्यांवरची कपात सूचना यांतलं काय हवं ते स्पष्ट सांगा, प्रश्नाचा मसुदा आपणच लिहून द्या. “आमच्याकडे लक्ष असू द्या” हे वाक्य कुणाच्याही डायरीत टिकत नाही. “आमच्या प्रकल्पात निवृत्त झालेल्या किती सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली, किती प्रकरणं कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहेत” एवढं लिहून दिलं, तर विभागाला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. आलेलं छापील उत्तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून फाइलला लावा. पुढच्या निवडणुकीआधी वर्गणी मागायला जाल तेव्हा पत्रकाबरोबर त्याची झेरॉक्स द्या.